व्होल्ट वाढवायचे की आधी गळती शोधायची? मोठ्या अ‍ॅम्पबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी टपालात एकच विषय परत परत आला. गाडीत मोठा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बसवलाय, १२ व्होल्ट पुरत नाहीत, आता १६ वर जाऊ का १८ वर, आणि काही जण तर थेट ४८ बद्दल विचारतायत. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ३००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी पॉवर) मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प) डिकीत बसवलाय. अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा) कंपनीचाच आहे, बॅटरी नवीन आहे. बेस पडला की हेडलाइट मिणमिणतात आणि आवाज चढवला की अ‍ॅम्प प्रोटेक्टला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. मित्र म्हणतो १२ व्होल्टवर हे चालणारच नाही, १६ ची बॅटरी टाक. टाकू का?

उत्तर : आत्ता नको. आधी जरा आकडेमोड करू, मग तुम्हालाच दिसेल अडचण कुठे आहे.

तुमचा अ‍ॅम्प क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारचा) आहे असं धरतो, पूर्ण जोरावर त्याची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरू. म्हणजे ३००० वॅट बाहेर यायला ३७५० वॅट आत जायला हवेत. इंजिन चालू असतानाच्या १४.४ व्होल्टला भागा, २६० अँपिअर झाले. तेवढीच पॉवर १२.५ व्होल्टला काढायची तर ३०० अँपिअर. आता कंपनीचा अल्टरनेटर बघा, समजा तो १०० अँपिअरचा आहे, तर ते १०० फक्त इंजिन चांगलं फिरत असताना, आयडलिंगला बऱ्याचदा निम्मेसुद्धा मिळत नाहीत आणि तापला की अजून कमी. त्यातले ३०-४० गाडी स्वतःच खाते, पंखा, दिवे, फ्युएल पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर). उरलेल्यात तुमचा अ‍ॅम्प. म्हणजे पूर्ण जोराच्या क्षणी तीन चतुर्थांश करंट बॅटरीतून येतोय, आणि बॅटरीतून करंट निघायला लागला की व्होल्टेज १४.४ वर राहूच शकत नाही, ते बॅटरीच्या स्वतःच्या १२.५ च्या आसपास येतं आणि मग लोडखाली अजून खाली. हेडलाइट मिणमिणतात ते यामुळे.

आता १६ व्होल्टची बॅटरी टाकली म्हणून वॅट कुठून येणार? ते शेवटी इंजिनच्या बेल्टवरूनच यायचेत. ३७५० वॅट सतत तयार करायचे तर अल्टरनेटरची स्वतःची नासाडी धरून बेल्टवर साधारण ९ हॉर्सपॉवरचा भार पडतो. गाण्यात सतत एवढं लागत नाही हे खरं, सरासरी खूप खाली असते, पण लांब बेसच्या नोटला किंवा टेस्ट टोन (एकसारखा सूर) लावून मिरवताना लागतं.

दुसरी गोष्ट वायरची. तुमची केबल ५० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची आहे आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर जातेय, परतीला तशीच ५ मीटर, असं समजा. एकूण १० मीटरचा रोध साधारण ३.४ मिलिओहम. ऐकायला काहीच नाही, पण २६० अँपिअरला त्यात ०.९ व्होल्ट पडतात आणि २३० वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. केबल जर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची निघाली, आणि स्वस्त किटमध्ये तीच निघते, तर रोध दीडपटीच्याही पुढे, म्हणजे जवळपास १.४ व्होल्ट गायब. बॅटरीवर १२.५ आहेत आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर ११, अशात प्रोटेक्टला गेला तर अ‍ॅम्पचा दोष नाही हो.

म्हणून पहिलं काम मल्टिमीटर काढा. सबच्या (सबवूफर, म्हणजे बेसच्या स्पीकरच्या) रेंजमधला टोन लावा, आवाज नेहमीच्या जोरावर ठेवा, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अ‍ॅम्पच्या प्लसला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत पडतायत. मग तसंच मायनसला, बॅटरीचा मायनस ते अ‍ॅम्पचा मायनस. माझ्या अनुभवात लोक प्लसच्या केबलवर भरपूर खर्च करतात आणि मायनस डिकीतल्या कुठल्यातरी स्क्रूला रंग न खरवडता बांधतात, आणि गळती तिथेच सापडते. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते सुधारा. लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) नीट हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले हवेत, चेसिसचा पत्रा चकचकीत खरवडलेला हवा. अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसला जाड केबल, बॅटरीच्या मायनसपासून चेसिसला जाड केबल, इंजिन ब्लॉकपासून चेसिसला जाड केबल, या तीन वायरी कंपनीने स्वतःच्या हिशोबाने बारीक दिलेल्या असतात, तुमच्या अ‍ॅम्पच्या हिशोबाने नाही, त्या बदला. त्यानंतर मोठा अल्टरनेटर आणि डिकीत अ‍ॅम्पजवळ एक एजीएम (सीलबंद लेड अ‍ॅसिड) बॅटरी. एवढं करून तुमचं काम १४ व्होल्टच्या आसपास टिकलं तर १२.५ वरून तिथे येण्यातच जो फरक पडतो तो तुम्हाला ऐकू येईल. १६ व्होल्टचा विचार त्याच्या पुढचा.

प्रश्न : पण व्होल्टेज वाढलं की करंट कमी लागतो हे तर शाळेतलं फिजिक्स आहे. मग १८ व्होल्टवर वायर कमी तापायला नको का?

उत्तर : तापायला हवी कमी, पण ते तुमच्या अ‍ॅम्पच्या आतल्या पॉवर सप्लायवर अवलंबून आहे आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण यावर बहुतेक ठिकाणी अर्धवटच बोललं जातं.

काही अ‍ॅम्पचा सप्लाय रेग्युलेटेड असतो, म्हणजे आत १२ येवो की १५, आतली रेल (आतल्या सप्लायचं व्होल्टेज) तेवढीच राहते, पॉवर तेवढीच. अशा अ‍ॅम्पला शाळेतलं गणित लागू होतं. ३७५० वॅट १८ व्होल्टला २०८ अँपिअर, वरच्याच केबलमध्ये उष्णता २३० वरून १५० वॅटवर. पण बेसचे मोठे मोनोब्लॉक बहुतेक अनरेग्युलेटेड असतात. त्यांची रेल इनपुटबरोबर वर जाते आणि स्पीकरला मिळणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४.४ वरून १८ ला गेलात तर व्होल्टेज सव्वापट, पॉवर १.५६ पट, आणि करंट? तोही सव्वापट. २६० चे ३२५ अँपिअर झाले. म्हणजे आवाजाचं बटण तिथेच ठेवून पूर्ण जोर मागितलात तर वायर, फ्यूज आणि अ‍ॅम्पमधले मॉसफेट (करंट हाताळणारे ट्रान्झिस्टर) आधीपेक्षा जास्त सोसतायत. करंट कमी तेव्हाच होतो जेव्हा तुम्ही गेन (अ‍ॅम्पची इनपुट संवेदनशीलता) उतरवून आधीएवढीच पॉवर घेता, आणि एवढा खटाटोप करून गेन उतरवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि कानाला मिळतं काय ते पण बघा. १.५६ पट पॉवर म्हणजे १.९ डेसिबल. १४.४ वरून १६ ला गेलात तर ०.९ डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. आवाजाच्या स्पर्धेत पाव डेसिबलवर नंबर हलतो, त्यांना हे सगळं परवडतं. रोज गाडी चालवणाऱ्याने सबच्या बॉक्सचं डिझाइन आणि ट्यूनिंग सुधारलं तर याहून जास्त हाती लागतं, खरंच.

प्रश्न : स्पर्धेत उतरतोय, १६ व्होल्ट करायचंच ठरवलंय, अ‍ॅम्पपण हाय व्होल्टेजवाला घेतलाय. नीट कसं करायचं तेवढं सांगा.

उत्तर : ठरवलंय तर मग व्यवस्थित करा.

सगळ्यात आधी अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत कमाल इनपुट व्होल्टेज शोधा. नुसतं 'हाय व्होल्टेज' लिहिलंय यावर जाऊ नका, आकडा हवा. आणि तो आकडा बॅटरीच्या नावाशी नाही तर चार्जिंगच्या व्होल्टेजशी ताडून बघा. १६ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे ८ सेल, नुसती पडून असली तरी पूर्ण भरलेली १६.८ दाखवते आणि चार्ज करताना सेलमागे २.४ धरले तर १९.२ पर्यंत जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ५ सेल लावले तर नाव १६ व्होल्ट पण पूर्ण चार्जला १८.२५. लिथियम टायटॅनेटचे ६ सेल नावाला १३.८ आणि सेलमागे २.७ धरून वर १६.२, म्हणून पहिली पायरी म्हणून बरेच जण हे वापरतात. अ‍ॅम्प १६ पर्यंतच सहन करणारा आणि पॅक १८ वर चार्ज होणारा, अशी जोडी लावली की पहिल्याच चार्जिंगला अ‍ॅम्प एकतर बंद पडतो नाहीतर जळतो.

दुसरं, गाडीची मूळ १२ व्होल्टची बाजू तशीच राहू द्या. मूळ अल्टरनेटर, मूळ बॅटरी, ईसीयू, एअरबॅग, एबीएस, दिवे हे सगळं जसं आहे तसं. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची जी आयएसओ १६७५० ही मानकं आहेत त्यात १२ व्होल्टच्या सिस्टिमसाठी नेहमीच्या वापराची वरची मर्यादा १६ व्होल्ट धरलेली आहे, म्हणजे सगळ्या गाडीला १८ वर चालवणं हे तिच्या डिझाइनच्या बाहेर झालं. साधा हॅलोजन बल्बसुद्धा व्होल्टेज ५ टक्के जास्त मिळालं की जवळपास निम्म्या आयुष्यात जातो. आणि १२ व्होल्टची बॅटरी १६ वर चार्ज केली तर ती पाणी उकळल्यासारखी गॅस सोडते, तो गॅस हायड्रोजन असतो, ठिणगी पडली की स्फोट. त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्लस एकमेकांना कुठेही, अगदी आयसोलेटर रिलेमधूनसुद्धा (दोन बॅटऱ्या गरजेप्रमाणे जोडणारा-तोडणारा स्विच), लागायला नकोत.

मग दुसऱ्या बाजूला स्वतःचा अल्टरनेटर, त्याला बाहेरचा अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर, त्याची बॅटरी, त्याचे अ‍ॅम्प. मायनस मात्र दोन्हीकडचा एकच, चेसिसवर. हेड युनिट (डॅशबोर्डवरचा प्लेअर) आणि प्रोसेसर १२ वर, रिमोटची वायर १२ ची चालते कारण ती फक्त चालू-बंदचा इशारा देते, तरी पुस्तिका बघाच. आरसीएला (हेड युनिटकडून अ‍ॅम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या केबलला) यामुळे काही होत नाही जर मायनस चांगला असेल, मायनस कच्चा असला की तो करंट आरसीएच्या शील्डमधून वाट काढायला बघतो आणि मग शिट्टी ऐकू येते किंवा हेड युनिटचं आउटपुट जातं.

अल्टरनेटरबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. जास्त व्होल्टेज काढायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, १४ व्होल्ट जिथे आयडलिंगला मिळत होते तिथे १८ मिळतीलच असं नाही, त्यामुळे पुली लहान करावी लागते, आणि लहान केली की वरच्या टोकाला इंजिन चढवल्यावर अल्टरनेटरची वेगमर्यादा ओलांडत नाही ना हे तपासावं लागतं. आतले डायोडपण त्या व्होल्टेजला चालणारे हवेत. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधी काढू नका, अल्टरनेटरचा भार एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर खूप वर उडतं आणि जे जोडलेलं असेल ते घेऊन जातं. १२ आणि १६ दोन्हीकडे डॅशबोर्डवर व्होल्टमीटर लावा, नजरेसमोर असला की गडबड लवकर कळते.

प्रश्न : दुसरा अल्टरनेटर बसवायला जागाच नाही. १२ चे १८ करणारा बूस्टर लावून चालेल का?

उत्तर : कशासाठी लावताय त्यावर आहे. अ‍ॅम्पची सगळी पॉवर त्याच्यातून न्यायची असेल तर नको. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी ३७५० वॅट द्यायला तो १२ च्या बाजूने ४१७० घेणार, म्हणजे १३.८ ला ३०० अँपिअर. अल्टरनेटरवरचा भार कमी होण्याऐवजी वाढला. शिवाय अ‍ॅम्पच्या आतही व्होल्टेज चढवणारा सप्लाय असतोच, म्हणजे एकच काम दोनदा.

पण ४०-५० अँपिअरचा छोटा बूस्ट चार्जर घेऊन डिकीतला १६ व्होल्टचा पॅक सतत हळूहळू भरत ठेवला आणि बेसचे झटके पॅकने सोसले, तर ही पद्धत चांगली आहे आणि मला स्वतःला आवडते. गाण्याची सरासरी कमी असते म्हणून भरपाई होत राहते. तासभर टेस्ट टोन वाजवणाऱ्यांसाठी नाही. चार्जर तुमच्या पॅकच्या केमिस्ट्रीचाच घ्या आणि लिथियम असेल तर बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) हवंच.

प्रश्न : १ फॅरडचा कॅपॅसिटर लावला तर १६ व्होल्ट करायची गरज राहील का?

उत्तर : १४.४ वरून १२ वर येईपर्यंत १ फॅरडमधून साधारण ३२ जूल निघतात. ३७५० वॅटच्या भाराला ते ८-९ मिलिसेकंद पुरतात. ४० हर्ट्झच्या एका लाटेलाच २५ मिलिसेकंद लागतात. बाकी तुम्हीच ठरवा.

प्रश्न : ट्रक चालवतो, २४ व्होल्टची गाडी आहे, १२ च्या दोन बॅटऱ्या. केबिनमध्ये १००० वॅटचा अ‍ॅम्प लावायचाय. एका बॅटरीवरून १२ घेतले तर काय बिघडतं? सगळेच घेतात.

उत्तर : दादा, सगळे घेतात आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या लवकर मरतात. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून २८ च्या आसपास देतो, त्याला मधलं काही दिसत नाही. तुम्ही खालच्या बॅटरीतून करंट काढलात की ती उतरते, समजा १२.८ वर बसली, तर उरलेले १५.२ वरच्या बॅटरीच्या वाट्याला. खालची कायम उपाशी राहून सल्फेट होते आणि वरची जास्त चार्ज होऊन सुकते. लांबच्या रस्त्यावर असताना स्टार्ट न होणारी गाडी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

२४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर घ्या, दोन्ही बॅटऱ्यांवर जोडा. १००० वॅटच्या अ‍ॅम्पला १२ च्या बाजूला साधारण ९० अँपिअर लागतात, २४ च्या बाजूला कन्व्हर्टरची नासाडी धरून ५० च घेतले जातात, म्हणजे लांबची वायर २४ च्या बाजूला ठेवलीत तर ती बारीक चालते आणि कन्व्हर्टर अ‍ॅम्पजवळ. ९० अँपिअरचा कन्व्हर्टर महाग वाटत असेल तर २४ ते १२ चा छोटा चार्जर आणि केबिनमध्ये अ‍ॅम्पसाठी एक वेगळी १२ ची बॅटरी, हे जास्त टिकतं. केबिनमध्ये ठेवायची तर सीलबंद एजीएमच.

प्रश्न : नवीन गाड्यांमध्ये ४८ व्होल्ट येतायत म्हणे. अ‍ॅम्प थेट त्यावर लावता येतील का?

उत्तर : साध्या अ‍ॅम्पला ४८ दिले तर तो त्याच क्षणी संपला. ४८ साठी बनवलेला अ‍ॅम्प असेल तर गणित फार सुंदर होतं, तेच ३७५० वॅट ७८ अँपिअरमध्ये, वरच्या केबलमध्ये फक्त २१ वॅट उष्णता. गाड्या १९५० च्या दशकात ६ वरून १२ वर गेल्या त्यालाही मोठं कारण हेच होतं, इंजिनं मोठी झाली, भार वाढला, तांबं पुरेना. नंतर १९९० च्या दशकाच्या शेवटी ४२ व्होल्टचा घाट घातला गेला तो टिकला नाही. २०११ मध्ये ऑडी, बीएमडब्ल्यू, डाइमलर, पोर्शे आणि फोक्सवॅगन यांनी मिळून ४८ व्होल्ट जाहीर केलं आणि माइल्ड हायब्रिडमधून (इंजिनला छोट्या मोटरची मदत असलेल्या गाड्यांमधून) ते पसरलं, २०२३ च्या टेस्लाच्या सायबरट्रकने तर कमी व्होल्टेजची बाजूच ४८ वर नेली. ४८ च का, तर चार्जिंगला वर गेलं तरी ६० व्होल्टच्या आत राहतं, आणि ६० पर्यंत डीसीला हाताला शॉकपासूनचं खास संरक्षण लागत नाही.

पण शॉक लागत नाही म्हणजे धोका नाही असं नका समजू. १२ व्होल्टला वायर सुटली की ठिणगी पडून विझते, ४८ ला तीच ठिणगी ताणली जाऊन पेटती राहते, डीसी आर्क. १२ चे स्विच आणि रिले तिथे चिकटून बसतात. आणि माइल्ड हायब्रिडची ४८ ची बॅटरी लहान असते, तिचं सगळं नियंत्रण गाडीच्या कॉम्प्युटरकडे, त्यात मधेच तार घालू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलींना तर कुठल्याही कारणाने हात लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्ट आहेत, अ‍ॅम्पसाठी जे काही घ्यायचं ते १२ च्या बाजूने आणि तेही डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या मर्यादेत.

प्रश्न : माझा मुलगा गाडीत लिथियमचा १६ व्होल्टचा पॅक लावतोय. त्याची हौस मोडायची नाहीये पण आगीची भीती वाटते. त्याला काय विचारू?

उत्तर : ताई, फार चांगला प्रश्न विचारलात, या अंकातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्याला विचारा की फ्यूज कुठे आहेत. प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून फार तर ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा, आणि पुढे एक बॅटरी, मागे एक पॅक अशी दोघांना जोडणारी केबल असेल तर तिच्या दोन्ही टोकांना, कारण मध्ये कुठे केबल घासून चेसिसला लागली तर दोन्हीकडून करंट येतो. फ्यूजचा आकडा केबल किती सोसते त्यावरून ठरतो, अ‍ॅम्पच्या वॅटवरून नाही.

मग फ्यूजवर व्होल्टचा आकडा बघायला सांगा. गाडीचे नेहमीचे फ्यूज ३२ व्होल्टचे असतात, १६-१८ ला ते चालतात, ४८ ला नाही, तिथे ५८ किंवा त्याहून जास्तचे लागतात. लिथियम पॅक शॉर्ट झाला तर क्षणात हजारो अँपिअर ओततो आणि साधा फ्यूज आतल्या आत आर्क धरून जळत राहू शकतो, म्हणून पॅकजवळ जास्त करंट तोडू शकणारा, क्लास टी सारखा फ्यूज लावायला सांगा. पॅकला बीएमएस आहे का, नसेल तर सेल निदान बॅलन्स करून वेगवेगळे मोजतो का. पॅक पट्ट्यांनी घट्ट बांधलाय का, टर्मिनल झाकलेत का, इंजिनकडून केबिनमध्ये केबल येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट आहे का. महिन्यातून एकदा जोरात वाजवल्यावर सगळ्या लगना हात लावून बघायचा, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो सैल आहे, त्याच दिवशी उघडून परत दाबायचा.

आणि कानांचं पण विचारा हो. ८५ डेसिबल ८ तास चालतात, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, १०० ला १५ मिनिटंच उरतात. या सिस्टिम त्याच्या खूप वर जातात. आत बसून टेस्ट करताना इअरप्लग घालतो का ते बघा, नसेल घालत तर तुम्हीच आणून द्या.